परदेशात सामाजिक धोरण आणि समाजशास्त्र शिकण्यासाठी : मुंबईच्या विद्यार्थ्यांकरिता मार्गदर्शन

समाजशास्त्र किंवा सामाजिक धोरण शिकण्यासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अशी की, शहरातल्या बहुतेक सल्ला केंद्रांचे मार्गदर्शन अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन या शाखा समोर ठेवून बेतलेले असते. तिथे विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, शुल्क आणि नोकरीची शक्यता एवढ्यावर चर्चा संपते. या दोन विषयांत मात्र तुम्ही कोणता प्रश्न घेऊन निघाला आहात, यावर अभ्यासक्रमाची निवड, अर्ज, शिष्यवृत्ती आणि अखेरचा प्रबंध हे सारे अवलंबून असते. आणि तो प्रश्न तिकडे पोचल्यावर आपोआप सुचत नाही, तो इथेच, निघण्याच्या वर्षभर आधीपासून घडवावा लागतो. पुढील विवेचन मुख्यतः ब्रिटनविषयी आहे, कारण सामाजिक धोरणाच्या अध्यापनाची तिथे जुनी परंपरा आहे आणि आपल्याकडील तीन वर्षांच्या पदवीनंतर तिथले पदव्युत्तर शिक्षण साधारणपणे एका वर्षात पूर्ण होते.

दोन विषयांतले नाते

समाजशास्त्र आणि सामाजिक धोरण हे विषय अनेक विद्यापीठांत एकाच पदवीत जोडून शिकवले जातात, तरी त्यांची विचार करण्याची सवय वेगळी आहे. गिरणगावाचे उदाहरण घ्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कुटुंबांत स्त्रियांचे श्रम, शेजारसंबंध, गावाशी असलेले नाते आणि जातीचे आधार कसे बदलले, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरे कोणत्या नियमाने मिळाली, कोणाला वगळले गेले, तो नियम कोणी ठरवला आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हा सामाजिक धोरणाचा प्रश्न आहे. पहिल्याशिवाय दुसरा पोकळ राहतो, कारण लाभार्थी नावाची व्यक्ती समाजात कुठे उभी आहे हे कळल्यावाचून योजना का फसली ते सांगता येत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी आपला ओढा कोणत्या बाजूला आहे हे प्रामाणिकपणे तपासावे. कायदे, अर्थसंकल्प, पात्रतेच्या अटी आणि आकडेवारी वाचण्याचा कंटाळा येत असेल, तर केवळ सामाजिक धोरणाची पदवी निवडू नये.

हा विषय आपल्याला परका नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून १९१२ मध्ये पुढे आलेले अर्थसाहाय्य जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांचे होते, आणि त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचे पहिले संचालक आर्थिक इतिहासकार आर. एच. टॉनी होते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना याच विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले, ते केंब्रिजची पदवी घेऊन परतले आणि १९२४ पासून त्यांनी विभागाची धुरा वाहिली. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे पुढे बर्लिनला गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया आणि लंडन येथील अभ्यास तर सर्वश्रुत आहे. या सर्वांनी तिकडची साधने घेतली आणि प्रश्न मात्र आपल्या समाजातले विचारले. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला आराखडा मला तरी ठाऊक नाही.

प्रश्न कसा घडवावा

‘मला दारिद्र्य निर्मूलनासाठी काम करायचे आहे’ हा सद्हेतू आहे, पण तो अभ्यासाचा प्रश्न नव्हे. प्रश्नाला स्थळ, काळ, संस्था आणि शंका हवी. रोजगार हमी योजना पाहा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात तिला वेग आला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला या अनुभवाची पार्श्वभूमी होती. या योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू केला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, ती त्याच कराची. म्हणजे शहरातल्या पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाच्या हक्काचा भार उचलावा, अशी रचना एका राज्याने केली होती. आता शंका उपस्थित होते : शहरी मध्यमवर्गाने हे का स्वीकारले? ग्रामीण मजुरांचे लोंढे शहरात येऊ नयेत ही इच्छा त्यामागे होती, की शेतीला स्वस्त मजूर आणि पाणंद रस्ते हवे असलेल्या बागायतदारांचे हितसंबंध होते, की दुष्काळातल्या चळवळींचा दबाव? अशा शंकेतून आलेला अर्ज वाचताना निवड समितीला कळते की, या विद्यार्थ्याला कल्याणकारी राज्य म्हणजे कोणाचा पैसा कोणाकडे आणि कोणत्या कारणाने जातो, हे पाहता येते.

प्रश्न शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांची रेशनकार्डे आहेत; रंग बदलला की हक्क बदलतो. झोपडपट्टी पुनर्वसनात कोणत्या तारखेपूर्वीची झोपडी पात्र धरायची यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरते. अंगणवाडी सेविका सरकारी काम करते, तरी तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. यांपैकी एका विषयावर शासन निर्णय, विधिमंडळातील चर्चा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून पाच-सहा पानांचे टिपण मराठीत लिहून काढावे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, देवनारचे ‘टाटा समाजविज्ञान संस्थे’चे ग्रंथालय आणि तिथून जवळच असलेली ‘आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था’ ही या कामाची ठिकाणे होत. ग्रंथालयांत बाहेरच्या वाचकाला प्रवेश मिळवण्यासाठी महाविद्यालयाचे पत्र सोबत न्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच लोकसंख्या संस्थेकडून होते, आणि त्याचे राज्यनिहाय व जिल्हानिहाय तक्ते वाचता येऊ लागले तर पुढचे संख्याशास्त्राचे तास बरेच सुसह्य होतात.

निवड आणि अर्ज

पदवीसाठी जाणाऱ्यांचा अर्ज ‘यूकास’ या एकाच व्यवस्थेतून होतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणि बहुतेक अन्य अभ्यासक्रमांसाठी जानेवारीपर्यंत असते. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची. पदव्युत्तर अर्ज मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो आणि अनेक ठिकाणी जागा भरत जातील तसे निर्णय होतात. त्यामुळे टीवायबीएचे शेवटचे सत्र सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान अर्ज गेलेला बरा. निकाल नंतर लागणार असला तरी सशर्त प्रवेश मिळतो. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांची अधिकृत प्रत, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, मिळण्यास वेळ लागू शकतो. ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ब्रिस्टल, एडिंबरा, लीड्स, यॉर्क ही या क्षेत्रातली परिचित नावे आहेत, परंतु नावावरून निवड करू नये. प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर अध्यापकांचे संशोधन विषय आणि अभ्यासक्रमातल्या विषयपत्रिका, म्हणजे मॉड्यूल, दिलेल्या असतात. आपला प्रश्न अनौपचारिक कामगारांचा असेल आणि विभागातले बहुतेक अध्यापक युरोपीय निवृत्तिवेतनावर काम करणारे असतील, तर विद्यापीठ कितीही नामांकित असले तरी वर्षभर कोणाशी बोलायचे हा प्रश्न उरतो. संशोधन पद्धतीचे शिक्षण सक्तीचे आहे का, आणि त्यात मुलाखत व क्षेत्रनिरीक्षणाबरोबर सांख्यिकीही आहे का, हेही पाहावे. माझ्या मते क्रमवारीतल्या वीस-तीस जागांच्या फरकापेक्षा ही बाब महत्त्वाची आहे.

शिफारसपत्र ओळखीच्या मोठ्या व्यक्तीकडून घेण्याचा मोह टाळावा. ज्या प्राध्यापकांनी तुमचे लेखन वाचले आहे, त्यांनाच विनंती करावी, त्यांना आपले टिपण द्यावे आणि किमान महिनाभराचा अवधी द्यावा. उद्दिष्टपत्रात, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, लहानपणापासूनची समाजसेवेची आवड सांगण्यात पहिला परिच्छेद खर्ची घालू नये. तिथे प्रश्न मांडावा, त्यावर आतापर्यंत काय वाचले ते सांगावे, आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयपत्रिकेमुळे तो पुढे जाईल हे लिहावे.

पैसा आणि व्हिसा

मुंबईत असण्याचा एक लाभ असा की, उच्च शिक्षणासाठी कर्जरूप किंवा थेट शिष्यवृत्ती देणाऱ्या अनेक जुन्या संस्था याच शहरात आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडाउमेंट हा निधी कर्ज शिष्यवृत्ती देतो, के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया यांच्या नावाच्या संस्था बिनव्याजी कर्ज शिष्यवृत्ती देतात. इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानाची शिष्यवृत्तीही आहे. ब्रिटनकडून चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ शिष्यवृत्त्या मिळतात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि अन्य प्रवर्गांसाठी निरनिराळ्या विभागांच्या योजना आहेत. शासकीय योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असू शकते. तेव्हा विभाग पाहून विद्यापीठ निवडा हा वरचा सल्ला आणि ही अट यांचा मेळ आधीच घालून ठेवावा.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. अनुसूचित जातींसह काही वंचित घटकांसाठी असलेल्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ मधील नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय योजनेतून वगळले. ज्या समाजघटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे, त्यांनाच आपल्या समाजाविषयीचा प्रश्न बाहेर नेण्यास अटकाव व्हावा, हे मला अतिशय खटकते. या योजनेवर भिस्त असेल तर त्या वर्षीचे नियम शब्दशः वाचूनच प्रस्ताव लिहावा.

व्हिसासाठी विद्यापीठाचे प्रवेश स्वीकृतीपत्र, इंग्रजीच्या प्रावीण्याचा पुरावा, मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखला आणि शुल्क व राहण्याचा खर्च यांइतकी रक्कम लागते. स्वतःची रक्कम दाखवायची असल्यास ती खात्यात सलग २८ दिवस राहिली पाहिजे. मुदत ठेव मोडून, सोने तारण ठेवून किंवा नातेवाइकांकडून पैसे जमवणाऱ्या घरांत हेच गणित चुकते, म्हणून बँकेचे काम जूनमध्येच उरकावे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला जोडून मिळणारे जादा महिने धरून तो बहुधा दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. अध्यापित, म्हणजे संशोधनाऐवजी वर्गातल्या अध्यापनावर आधारलेल्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून जोडीदार किंवा मुले सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी १८ महिन्यांचा होईल. पीएचडीधारकांसाठी तो तीन वर्षांचा आहे. कर्जफेडीचा हिशेब या मुदतीवर आधारूनच करावा.

हे सर्व नियम केवळ कागदपत्रांची कटकट म्हणून पाहू नयेत. तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते. आरोग्यसेवेसाठी तुम्ही अधिभार भरता आणि शिवाय काम केले तर करही भरता. हक्क कोणाचा, सदस्य कोण, पात्र कोण हा सामाजिक धोरणाचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि त्या वर्षात तुम्ही स्वतः त्या प्रश्नाच्या आत राहत असता. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्कांची केलेली मांडणी वाचताना आपले व्हिसापत्र शेजारी ठेवून पाहावे.

पोचल्यावरचे पहिले सत्र

पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवावे आणि पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून काउन्सिल टॅक्स या स्थानिक घरपट्टीसारख्या करातून सूट मिळवण्यासाठी विद्यापीठाचे पत्र घ्यावे. ही कामे मागे पडली की निबंधांच्या दिवसांत डोके वर काढतात.

आपल्या विद्यार्थ्यांना खरा धक्का बसतो तो सेमिनारमध्ये. व्याख्यानानंतर दहा-पंधरा जण एका टेबलाभोवती बसतात आणि आधी वाचून आलेल्या लेखांवर बोलतात. प्राध्यापकांना नावाने हाक मारणे ही तिथली रीत आहे; सर-मॅडमची सवय सुटायला वेळ लागला तरी बिघडत नाही, मात्र मतभेद व्यक्त करण्याचा संकोच सुटलाच पाहिजे. वाचनयादीतले सगळे वाचून होणार नाही. अत्यावश्यक दोन-तीन लेख नीट वाचावेत आणि प्रत्येकाविषयी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात : लेखकाचा दावा काय, पुरावा कोणता, तो कोणाला विरोध करतो, आणि मुंबईत ठेवला तर हा दावा टिकतो का.

ही चौथी ओळ सर्वांत मोलाची. डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये मांडलेले कल्याणकारी राज्यांचे उदारमतवादी, परंपरावादी आणि समाजवादी-लोकशाहीवादी असे तीन प्रकार पहिल्या महिन्यातच समोर येतात. ते १८ विकसित देशांवर आधारलेले आहेत. पुढे इयन गफ आणि जेफ वूड यांनी दक्षिण आशियासारख्या प्रदेशांसाठी अनौपचारिक सुरक्षेची कल्पना मांडली, म्हणजे जिथे राज्य आणि बाजार यांपेक्षा कुटुंब, जात, गाव आणि आश्रयदाते यांच्यावर माणसाला विसंबावे लागते. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या पुरुषांनी मिळून घेतलेले गाळे, भिशी, खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांनी महिनाभर उधारीवर घातलेले जेवण आणि त्यांच्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी उभारलेले अन्नपूर्णा महिला मंडळ ही त्या कल्पनेची जिवंत उदाहरणे आहेत, आणि ती वर्गात मांडणारे तुमच्याशिवाय बहुधा दुसरे कोणी नसेल. फक्त ‘आमच्या भारतात असे असते’ अशी सुरुवात करू नये. कोणते शहर, कोणता काळ, कोणता समूह हे सांगितले की उदाहरण पुरावा होते. अन्यथा तुम्ही नकळत एका अख्ख्या देशाचे प्रतिनिधी ठरता आणि मग प्रत्येक सेमिनारमध्ये तेच ओझे वाहावे लागते.

तिकडच्या समाजाकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेची आखणी करणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी असे पाच शत्रू ठरवले, आणि जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, हा इतिहास पाठ होतो; पण दवाखान्यातली प्रतीक्षायादी, स्थानिक काउन्सिलची सभा किंवा गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या फूड बँकेबाहेरची रांग पाहिल्यावाचून तो समजत नाही. लंडनमध्ये असाल तर चार्ल्स बूथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यारस्त्याला आर्थिक स्थितीनुसार रंग देऊन केलेले नकाशे संकेतस्थळावर पाहता येतात. त्यातला एखादा भाग निवडून तो पायी हिंडावा.

निबंध आणि गुण

मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत सर्व मुद्दे आले की गुण मिळतात. तिथल्या निबंधात एक भूमिका शेवटपर्यंत लढवावी लागते. ‘लाभ सर्वांना द्यावा की केवळ गरजूंना?’ असा प्रश्न आला, तर दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे सांगून मध्यम मार्ग सुचवणारा निबंध पन्नाशीत अडकतो. याउलट असे करता येईल : ब्रिटनमध्ये वृद्धांना मिळणारे हिवाळी इंधन अनुदान २०२४ मध्ये केवळ ठरावीक गरीब निवृत्तांपुरते मर्यादित झाले आणि तीव्र विरोधानंतर २०२५ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये ३५,००० पौंड उत्पन्नापर्यंतच्या वृद्धांसाठी पुन्हा खुले झाले, भारतात १९९७ मध्ये रेशनव्यवस्था दारिद्र्यरेषेच्या वरचे व खालचे अशी विभागली गेली. दोन्ही ठिकाणी मध्यम उत्पन्नाचा गट बाहेर पडल्यावर योजनेचा राजकीय आधार किती टिकला, याची तुलना करून भूमिका घ्यावी. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद निवडून त्याला उत्तर द्यावे; दुबळा निवडला तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

तिथे सत्तरच्या वरचे गुण म्हणजे विशेष प्रावीण्य, साठच्या वरचे चांगले, आणि पदव्युत्तर पातळीवर पन्नासला उत्तीर्ण. पहिल्या निबंधाला ५८ पडले म्हणून खचून जाऊ नये. अभिप्राय घेऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जावे आणि ‘युक्तिवाद नेमका कुठे सुटला?’ असे विचारावे. दुसऱ्याचे वाक्य स्रोत न देता वापरणे हा गंभीर गैरप्रकार मानला जातो, आणि मराठी स्रोताचा स्वतः केलेला अनुवादही याला अपवाद नाही : मूळ लेखक, वर्ष आणि अनुवाद आपला आहे ही नोंद देणे आवश्यक आहे.

प्रबंध

साधारण दहा हजार शब्दांचा प्रबंध उन्हाळ्यात लिहून ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास द्यायचा असतो. मुंबईत येऊन मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नैतिक मान्यतेचा (एथिक्स अप्रूव्हल) अर्ज वसंत ऋतूतच करावा, कारण मान्यतेपूर्वी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही. जून ते ऑगस्ट हा इथे पावसाळा आहे. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत पाणी भरलेल्या दिवशी कोणाच्या दारात प्रश्नावली घेऊन उभे राहणे योग्य नव्हे, तेव्हा वेळापत्रकात मोकळे दिवस राखून ठेवावेत. संमतिपत्र मराठीत आणि गरजेनुसार हिंदीतही, बोलीभाषेच्या जवळचे असावे. वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी अर्जातच मागून घ्यावी. मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेतच प्रथम उतरवावी, विश्लेषण त्या मजकुरावर करावे आणि उद्धृत करायचे तेवढेच इंग्रजीत आणावे. वेळ वाचवण्यासाठी थेट इंग्रजीत उतरवलेल्या मुलाखतींतून बोलणाऱ्याची धाटणी आणि तिच्यासोबत बराचसा पुरावा निघून जातो. वस्तीतल्या एखाद्या संस्थेमार्फत माणसे भेटणार असतील, तर ती संस्था कोणाला भेटवते आणि कोणाला नाही हेही टिपून ठेवावे, कारण प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.